भोवऱ्यातली रेघ

शेंदराकडे झुकणारा, डोळ्यांत भरणारा तांबडा-नारिंगी रंग. 27 इंच रुंद आणि 41 इंच उंच असा उभा कागद. त्याच्या मधोमध पांढऱ्या बारीक रेघांचा एक भोवरा. भोवऱ्याच्या पोटात हातपाय फेकलेली एका पुरुषाची काळी आकृती, आणि तिला चिकटूनच, नुसत्या पांढऱ्या रेघेने काढलेली एक बाई. वर नटनटीची नावं, खाली चित्रपटाचं नाव. अक्षरं छापखान्यातल्या खिळ्यांची वाटत नाहीत. कुणीतरी हातात कात्री घेऊन, मोजमाप न करता कापल्यासारखी ती कुठे जाड, कुठे बारीक, थोडी डगमगती आहेत. आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ या 1958 सालच्या चित्रपटासाठी सॉल बॅस या अमेरिकन आरेखनकाराने केलेलं हे पोस्टर. जगातल्या गाजलेल्या पोस्टरांची कुठलीही यादी काढली तर ते तिच्यात असतंच. त्याचं कौतुक मात्र बहुतेक वेळा एकाच वाक्यात संपतं: उंचीच्या भीतीने गरगरणाऱ्या माणसाचं प्रभावी चित्र. हे वाक्य मला अपुरं वाटतं, आणि अपुरं राहिल्यामुळे चुकीचंही वाटतं. या कागदावर उंची कुठेच नाही. जे आहे ते अधिक अवघड आहे: एका बाईला आतून रिकामं करून तिच्या आकारात स्वतः बुडणारा पुरुष. चित्रपटाबद्दल ही गोष्ट समीक्षकांनी नीट बोलायला सुरुवात करण्याआधी कित्येक वर्षं ती पोस्टरवर छापली गेली होती, असं माझं म्हणणं आहे.

आधी उंचीचा प्रश्न. चित्रपटाची सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोच्या गच्च्यांवरच्या पाठलागाने होते. स्कॉटी हा गुप्तचर पन्हाळीला लोंबकळतो, त्याला वाचवायला वाकलेला पोलीस खाली कोसळून मरतो, आणि स्कॉटीच्या मनात उंचीची दहशत बसते. पुढे सॅन हुआन बाउतिस्ताच्या जुन्या मिशनचा घंटेचा मनोरा येतो, त्याचा अरुंद चौकोनी जिना येतो. म्हणजे उंची दाखवायची असती तर सामग्री हाताशी होती. गच्चीची कड, मनोरा, जिन्याची विहीर, खाली ठिपक्याएवढा दिसणारा रस्ता, यातलं काहीही चाललं असतं. तिकीटखिडकीवर उभ्या माणसाला ते पटकन कळलंही असतं. बॅसने यातलं एकही घेतलं नाही. पडण्याला खाली जमीन लागते, आणि या चित्रात जमीन नाही, क्षितिज नाही, वर-खाली ठरवायला एक आडवी रेघसुद्धा नाही. हा माणूस कशावरून पडलेला नाही. तो कशात तरी ओढला गेला आहे. चित्रपटाच्या नावातही हाच भेद आहे. स्कॉटी आपल्या आजाराचं वैद्यकीय नाव सांगतो तेव्हा तो ‘ॲक्रोफोबिया’ म्हणतो, उंचीचं भय. हिचकॉकने ते नाव चित्रपटाला दिलं नाही. त्याने निवडला तो भयापोटी येणारा परिणाम, डोकं फिरणं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही वळणं, फिरणं असाच आहे. मराठीत तर ही वाट आणखी पुढे नेणारी शब्दांची एक रांगच आपल्यापाशी आहे. ‘भ्रम्’ म्हणजे फिरणं. त्या धातूपासून भ्रमण आलं, भ्रमर आला आणि मनाला फसवणारा भ्रमही आला. भोवणं, भोवरा, भोवळ ही त्याच कुळातली रांगडी भावंडं. पाण्यातला भोवरा, पोरांनी जाळी गुंडाळून फिरवलेला भोवरा आणि डोक्यावरच्या केसांतला भोवरा, या तिन्हींना आपण एकच नाव देतो. एखादं कृत्य माणसाला ‘भोवतं’ तेव्हा ते फिरून त्याच्यावरच आलेलं असतं. ‘व्हर्टिगो’ची जवळजवळ सगळी गोष्ट या एका कुळात मावते, आणि पोस्टरवर काढलेला आकारही तोच आहे.

पण खरी गोम त्या दोन आकृत्यांत आहे. पुरुष भरीव काळा आहे. काळ्या शाईने त्याच्या जागचा शेंदरी रंग पूर्ण झाकला आहे. तो जिथे आहे तिथे दुसरं काही असू शकत नाही. बाई मात्र फक्त कड आहे. तिच्या आत काय आहे म्हणून पाहिलं तर बाहेर जो रंग आहे तोच आत आहे. तिला स्वतःचं असं द्रव्य नाही. तिच्यातून आरपार दिसतं. शिवाय ज्या पांढऱ्या रेघेने ती काढली आहे तीच पांढरी रेघ भोवऱ्याची आहे. पुरुष भोवऱ्यात सापडलेला परका जीव आहे, बाई भोवऱ्याच्याच सुताची आहे. आता चित्रपट आठवावा. गॅव्हिन एल्स्टर नावाचा जुना मित्र स्कॉटीला आपल्या बायकोच्या, मॅडेलिनच्या पाळतीवर ठेवतो. तिला कार्लोटा व्हाल्देस या आपल्या मृत पणजीने झपाटलं आहे, असं तो सांगतो. स्कॉटी तिच्या मागे फिरता फिरता तिच्यात गुंततो, ती मनोऱ्यावरून पडून मरते, तो वेडाच्या काठावर जातो. मग रस्त्यात त्याला ज्युडी नावाची, दुकानात काम करणारी, कॅन्ससहून आलेली एक साधी मुलगी दिसते, आणि तो तिला मॅडेलिन बनवायला घेतो. तोच करडा सूट, तेच बूट, तोच केसांचा रंग, शेवटी तोच अंबाडा. प्रेक्षकाला तोवर कळलेलं असतं की ती मॅडेलिन मुळात नव्हतीच; ज्युडीनेच पैशासाठी ते सोंग वठवलं होतं, आणि पडून मेली ती एल्स्टरची खरी बायको. म्हणजे स्कॉटीने जिच्यावर जीव टाकला ती बाई कधी अस्तित्वातच नव्हती. एका पुरुषाने तिची कड आखली, एका मुलीने ती कड अंगावर चढवली आणि दुसऱ्या पुरुषाने त्या कडेच्या आतल्या रिकाम्या जागेवर प्रेम केलं. हे सगळं, रहस्याचा एक धागाही उघड न करता, पांढऱ्या रेघेने काढलेल्या त्या बाईत आहे. चित्रपट पाहण्याआधी ती नुसती दुसरी आकृती दिसते. पाहून झाल्यावर पुन्हा पोस्टरसमोर उभं राहिलं की ती रिकामी दिसते. एकच चित्र दोनदा वाचता येणं, आणि दुसरं वाचन पहिल्याला खोटं न पाडता त्याच्या तळाशी जाणं, ही पोस्टरच्या कलेतली फार दुर्मिळ गोष्ट आहे.

इथे कुणी म्हणेल, आणि म्हणायलाच हवं, की हा अर्थ आपण मागाहून चिकटवतो आहोत. आरेखनकारापुढे साधी अडचण होती: दोन आकृत्या एकमेकींवर आल्या तर त्या वेगळ्या कशा दिसाव्यात? एक भरली, एक रेघेने काढली, झालं. आक्षेप रास्त आहे. पण त्या अडचणीला दुसरं उत्तरही होतं, आणि ते जास्त सोपं होतं. बाई भरीव पांढरी करायची. काळा पुरुष, पांढरी बाई, शेंदरी पार्श्वभूमी. तीन सपाट रंग, लांबूनही स्पष्ट. कागदातून कापलेले भरीव आकार हे तर बॅसचं हक्काचं साधन. 1955 सालच्या ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’साठी त्याने व्यसनी माणसाचा वाकडा झालेला हात असाच भरीव आणि कोनदार काढला होता, आणि 1959 साली ‘ॲनाटॉमी ऑफ अ मर्डर’साठी तुकड्यातुकड्यांत कापलेलं प्रेतही भरीवच काढलं. इतक्या सवयीचा आकार सोडून त्याने या एका बाईसाठी रेघ वापरली. शिवाय बॅस ब्रुकलिन कॉलेजात ज्यांच्या हाताखाली शिकला ते हंगेरीहून आलेले जॉर्जी केपेश; चित्रातली आकृती कुठे संपते, तिच्यामागची जागा कुठे सुरू होते आणि डोळा यांतला कुठला भाग वस्तू म्हणून निवडतो, हा त्यांच्या शिकवणुकीचा गाभाच होता. अशा शाळेतून आलेल्या माणसाला आतून पार्श्वभूमी दिसणारी आकृती म्हणजे काय हे सांगायला नको. तरीही मी त्याच्या हेतूवर सगळी भिस्त ठेवणार नाही. हेतू हा कलावंताच्या मनाचा मामला. कागदावर आहे तो निर्णय. निर्णय दिसतो, त्याला पर्याय होते हेही दिसतं, आणि घेतलेला निर्णय चित्रपटाच्या गाभ्याशी जुळतो हेही दिसतं. एवढं पुरेसं आहे.

आणि तो जुळतो म्हणताना मी फक्त कथानकाच्या सारांशावर विसंबत नाही. चित्रपटातच याला साक्ष देणारा एक प्रसंग आहे. मिज ही स्कॉटीची जुनी मैत्रीण, त्याच्यावर मनापासून माया करणारी, चष्मा लावणारी, व्यवसायाने जाहिरातींची चित्रं काढणारी. मॅडेलिन कलादालनात जाऊन कार्लोटाच्या तैलचित्रासमोर बसते हे कळल्यावर मिज त्याच चित्राची नक्कल करते. तोच पोशाख, तीच बैठक, तोच हार. फक्त चेहऱ्याच्या जागी स्वतःचा चेहरा, चष्म्यासकट. तिला वाटतं तो हसेल. तो हसत नाही. जेमतेम काही बोलून निघून जातो, आणि ती ब्रशने ते चित्र फासून टाकते. हा प्रसंग बहुतेक वेळा मिजच्या एकतर्फी प्रेमाची खूण म्हणून सांगितला जातो. मला तो चित्राबद्दलचा प्रसंग वाटतो. मिजने केलं काय? स्कॉटीला हवीहवीशी वाटणारी जी पोकळ कड होती तिच्या आत तिने एक खरं, जिवंत, चष्मेवालं माणूस बसवलं. तेच त्याला सोसवेना. कडेच्या आत कुणी असता कामा नये. पोस्टरवरची बाई रेघेची का आहे, याचं याहून नेमकं उत्तर मला सापडलेलं नाही.

आता भोवरा. तो चकलीसारखा साधा वळसा नाही. चकलीला एक सुरुवात असते, एक शेवट. बोटाने आतून बाहेर येता येतं. इथे लंबगोल वळशावर लंबगोल वळसा पडला आहे, प्रत्येक आधीच्यापेक्षा किंचित कलता, आणि त्या सगळ्यांच्या छेदांतून मधोमध एक पोकळी तयार झाली आहे. जूल लिसाझू या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच अभ्यासकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वक्राकृतींचं बॅसला आकर्षण होतं. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत फिरणारे वक्र जॉन व्हिटनीने काढले. त्यासाठी त्याने दुसऱ्या महायुद्धातल्या विमानविरोधी तोफांचा नेम साधणारं यंत्र वापरल्याचं सांगितलं जातं. आकाशातल्या लक्ष्याचा पाठलाग करायला घडवलेल्या यंत्राने पाठलागाच्याच या गोष्टीचा आकार रेखाटावा, याचं मला फार अप्रूप वाटतं. पण महत्त्वाचं हे की असा वक्र टक लावून पाहताना तो आत जातो आहे की बाहेर येतो आहे हे ठरत नाही. डोळा एकदा नरसाळं पाहतो, दुसऱ्यांदा फुगवटा. स्कॉटी जिन्यावरून खाली पाहतो तेव्हा हिचकॉकने वापरलेली करामत सर्वांना ठाऊक आहे: कॅमेरा मागे ओढायचा आणि त्याच वेळी झूमने पुढे जायचं, म्हणजे जिना जागच्या जागी लांबत जातो. ओढ आणि माघार एकाच क्षणी. ती गोष्ट हलत्या चित्राला यंत्राने साधली, स्थिर कागदाला बॅसने रेघांच्या गुंत्यातून मिळवून दिली. आणि हा आकार चित्रपटाला बाहेरून लावलेला नाही. कलादालनात स्कॉटी मॅडेलिनच्या मागे उभा असतो तेव्हा कॅमेरा तिच्या शेजारच्या फुलांवरून चित्रातल्या फुलांकडे जातो आणि मग तिच्या अंबाड्यावरून कार्लोटाच्या अंबाड्याकडे. तो अंबाडा म्हणजे मधे खोल काळोख असलेला सोनेरी केसांचा भोवरा. रेडवूडच्या रानात कापलेल्या प्रचंड बुंध्याच्या वर्तुळांवर मॅडेलिन हातमोजा घातलेल्या बोटाने आपला जन्म आणि मृत्यू दाखवते. ज्युडीला मॅडेलिन म्हणून मिठीत घेतल्यावर कॅमेरा त्या दोघांभोवती पूर्ण फेरी घेतो. श्रेयनामावलीत तर पहिला भोवरा एका बाईच्या डोळ्याच्या बाहुलीतूनच वर येतो. थोडक्यात, या चित्रपटात भोवरा उंचावर फार थोड्या वेळा दिसतो. बाईच्या डोळ्यांत आणि केसांत मात्र तो वारंवार दिसतो. ज्यांना पोस्टरवर उंचीचं भय दिसतं त्यांनी तो अंबाडा एकदा पुन्हा पाहावा.

रंगाबद्दल एक सबळ तक्रार होऊ शकते. ‘व्हर्टिगो’चा रंग कोणता असं विचारलं तर जाणकार हिरवा म्हणतील. मॅडेलिनची हिरवी मोटार, ज्युडीचा हिरवा पोशाख, एम्पायर हॉटेलच्या निऑन पाटीचा खोलीत झिरपणारा हिरवा उजेड, आणि त्या उजेडाच्या धुक्यातून पूर्ण मॅडेलिन होऊन येणारी ज्युडी. मग पोस्टर शेंदरी का? मला वाटतं, कारण तो स्कॉटीच्या नजरेचा रंग आहे. अर्नीज या उपाहारगृहात तो तिला पहिल्यांदा पाहतो तो प्रसंग आठवा. भिंती गडद लाल. ती आधी पाठमोरी दिसते, काळा पोशाख, त्यावर हिरवं रेशमी वस्त्र. मग उठून जाताना त्याच्याजवळ थबकते, अगदी बाजूने, आणि तिच्या मागची लाल भिंत क्षणभर उजळत जाते. स्कॉटीला माणूस दिसत नाही. लाल रंगावर कोरलेली एक बाह्यरेषा दिसते. पोस्टर हेच आहे. पुढे ज्युडीच्या खोलीत तीच बाह्यरेषा हिरव्या उजेडावर काळी होऊन पुन्हा येते, पण ते रहस्याच्या पलीकडचं चित्र आहे, आणि पोस्टरला रहस्याच्या अलीकडे उभं राहायचं आहे. म्हणून त्याने बाईचा रंग बाहेरच ठेवला. एक गोष्ट जाता जाता: शेंदरी रंगाकडे बराच वेळ टक लावून मग पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं तर डोळ्यांपुढे निळसर हिरवा भास तरळतो. हे आरेखनकाराने मनात धरलं होतं असा माझा दावा नाही. पण आपल्या डोळ्यांना या रंगाची आणखीही एक ओळख आहे. वाटेवरच्या दगडाला शेंदूर लागला की तो दगड राहत नाही, लोक त्याच्यापुढे वाकतात. स्कॉटी सूट, बूट आणि केसांचा रंग घेऊन ज्युडीशी जे करतो त्याला ही प्रतिमा मला अनाठायी वाटत नाही. फक्त दगडाला वेदना नसते, आणि ज्युडीला असते.

आपल्याकडच्या पोस्टरांवर वाढलेल्या डोळ्यांचा पहिला आक्षेप मात्र वेगळाच असेल: चेहरे कुठे आहेत? जेम्स स्ट्युअर्ट आणि किम नोव्हाक हे तेव्हाचे मोठे तारे, आणि पोस्टरवर त्यांचं नाक-डोळा काही नाही. आपली परंपरा चेहऱ्याची आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी मूकपटांच्या काळात स्वतः रंगवलेल्या पोस्टरांपासून ती सुरू होते आणि जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या दिवाकर करकरे यांच्या ‘दीवार’सारख्या कामांपर्यंत येते. सुरीने थापलेला रंग, गालावर लाल, कपाळावर निळा, डोळ्यांत आग. त्या चेहऱ्यांनी गल्लीच्या तोंडाशी उभ्या माणसाला थांबवलं आहे, आणि त्यातली ताकद मी मुळीच कमी लेखत नाही. चेहरा भावना देतो. पण चेहरा ओळखही देतो, आणि ‘व्हर्टिगो’ची सगळी पीडा ओळख न पटण्याची आहे. किम नोव्हाकचा चेहरा त्या पोस्टरवर छापला असता तर तो कुणाचा चेहरा ठरला असता? मॅडेलिनचा, की ज्युडीचा? ज्या क्षणी उत्तर दिलं त्या क्षणी पोस्टर एकतर खोटं बोललं असतं किंवा चित्रपट फोडून बसलं असतं. चेहऱ्याशिवायची बाई हा इथे आधुनिकतेचा हट्ट नव्हता, कथेशी प्रामाणिक राहायचा तो एकमेव मार्ग होता. आणि काळी आकृती तरी कुठे स्ट्युअर्टची आहे? मनोऱ्याच्या घटनेनंतर स्कॉटीला पडणाऱ्या दुःस्वप्नात, जॉन फेरेन या चित्रकाराने रचलेल्या त्या भागात, एका पुरुषाची काळी सावली खाली खाली पडत जाते. माणूस झोपेत स्वतःला जसा दिसतो, चेहऱ्याविना, नुसत्या वजनाचा, तसा तो पोस्टरवर आहे.

चेहरा नाही म्हणून चित्रपट चालला नाही, असं एखादा व्यवहारी माणूस सुचवील. ‘व्हर्टिगो’ मे 1958 मध्ये प्रदर्शित झाला, त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला, समीक्षकही दुभंगले. पण या अपयशाचं खापर कागदावर फोडणं कठीण आहे. प्रेक्षकांना आवडता, भला स्ट्युअर्ट एका बाईला छळताना पाहायचा नव्हता. रहस्य शेवटाच्या बरंच आधी उघडं करायचा हिचकॉकचा निर्णयही अनेकांना पचला नाही. याच्या बरोबर उलट बाजूचा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: चित्रपट थोर ठरला म्हणून पोस्टर थोर ठरलं. 1973 पासून दहा वर्षं ‘व्हर्टिगो’ वितरणाबाहेर होता. 1983 साली तो पुन्हा पडद्यावर आला. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाच्या दर दहा वर्षांच्या समीक्षक-मतदानात तो 1982 साली पहिल्या दहांत आला, 1992 साली चौथा, 2002 साली दुसरा, 2012 साली ‘सिटिझन केन’ला मागे टाकून पहिला, आणि 2022 साली पुन्हा दुसरा. पोस्टरची कीर्तीही या चढावासोबत वाढली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कीर्तीचा क्रम आणि अर्थाचा क्रम एक नसतो. चित्रपट जसजसा वर गेला तसतसं त्याचं वाचन बदललं. आधी तो गुंतागुंतीचा रहस्यपट होता, मग पछाडलेपणाची कहाणी झाला, मग पुरुषाच्या नजरेबद्दलचं विधान झाला. पोस्टर मात्र अक्षरशः तेच राहिलं. बदलत्या वाचनाला ते जुनं पडायला हवं होतं. रहस्यपटाची नेहमीची जाहिरात असती तर, पिस्तूल, किंकाळी, अंधारी गल्ली असती तर, ते जुनं पडलंच असतं. ते पडलं नाही, कारण 1958 सालीच त्याने बाईला पोकळ काढलं होतं. नवी वाचनं पोस्टरला मागे टाकून गेली नाहीत. ती फिरून त्याच्यापाशी आली.

शेवटचा आक्षेप मी स्वतःच स्वतःवर घेतो, आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. बाईला पोकळ काढणारं चित्र त्या पोकळपणाची चिकित्सा करतं की त्यात सामील होतं? स्कॉटी ज्युडीला वस्तू बनवतो. पोस्टरही तिला रेघच बनवतं. चित्रपटापाशी यावर एक उतारा आहे. ज्युडी हॉटेलच्या खोलीत एकटी असताना ती कॅमेऱ्याकडे वळते, घडलेलं सगळं आपल्याला दिसतं, आणि ती स्कॉटीला कबुलीचं पत्र लिहून फाडून टाकते. त्या काही मिनिटांत गोष्ट तिच्या बाजूने सांगितली जाते. कडेच्या आत एक भेदरलेली, प्रेम करणारी, चूक केलेली मुलगी आहे हे आपल्याला कळतं, आणि पुढचा सगळा पोशाखांचा छळ आपण तिच्या कातडीतून पाहतो. पोस्टरपाशी असं पत्र नाही. ते शेवटपर्यंत स्कॉटीच्या नजरेत राहतं, आणि ज्युडी नावाची मुलगी त्याच्यावर कुठेच नाही. ही त्याची मर्यादा मी मान्य करतो. फक्त एवढंच नोंदवतो की या चित्रात भरीव असणं ही सत्तेची खूण राहिलेली नाही. काळ्या पुरुषाला वजन आहे म्हणूनच तो ओढला जातो. त्याचे हातपाय त्याच्या ताब्यात नाहीत. ज्याने ती कड आखून घेतली, त्याला तीच भोवली आहे. एखादं चित्र अन्याय करणाऱ्याच्या नजरेतूनही काढलेलं असेल आणि त्या नजरेचा शेवटही दाखवत असेल, तर त्याला निव्वळ सामील म्हणता येत नाही. निर्दोषही म्हणता येत नाही. दोन्ही एकत्र धरूनच ते पाहावं लागतं.

चित्रपटाच्या शेवटच्या चौकटीत स्कॉटी मनोऱ्याच्या कमानीत, अगदी कडेवर उभा आहे. घंटा वाजते आहे. अंधारातून वर आलेल्या जोगिणीला पाहून दचकलेली ज्युडी खाली पडली आहे, आणि तो न घाबरता, न गरगरता, खाली बघतो आहे. उंचीची भीती गेली आहे. त्याचे हात शरीरापासून थोडे दूर, काही धरायचं राहून गेल्यासारखे. पोस्टरवरचा काळा माणूस इथे सरळ उभा राहिलेला दिसतो. त्याच्याभोवतीची पांढरी रेघ तेवढी नाही.